दोरीचं दुसरं टोक

तारीख माझ्या नेमकी लक्षात आहे. १० नोव्हेंबर २०२५, सोमवार. आदल्याच शुक्रवारी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला होता. शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, एस. टी. स्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली भटकी कुत्री उचला, त्यांची नसबंदी करा, लस टोचा आणि पुन्हा त्या जागी सोडू नका, असा. शनिवार-रविवार आमच्या कॉलनीत दुसरा विषयच नव्हता. कुणी म्हणे, 'बरं झालं, पोरांना शाळेत पाठवायची भीती वाटते.' कुणी म्हणे, 'मुकी जनावरं, त्यांनी जायचं कुठे?' मी दोन्हीकडे मान हलवत होते. आमच्या घरी चार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे ना, त्यामुळे मी आपोआपच कुत्र्यांमधली जाणकार ठरले होते!

तर त्या सोमवारी सकाळी सातला मी चिकूला घेऊन फाटकाबाहेर पडले. 'घेऊन' म्हणायची आपली पद्धत. खरं तर तो मला घेऊन निघाला होता. दोरी ताणलेली, त्याचे पुढचे पाय अधांतरी, घशातून खर्रर्र आवाज, आणि मागे मी, एका हाताने ओढणी सावरत, चप्पल घसटत. समोरून आसोद्याकडची भरताची वांगी डोक्यावर घेऊन नेहमीची भाजीवाली मावशी येत होती. चिकूला वांग्यांचा वास आला की मावशीचं लुगडं आवडलं, देव जाणे. त्याने एक हिसका दिला, दोरी माझ्या तळव्याला चटका देऊन सुटली आणि पुढच्या क्षणाला मावशी रस्त्यावर बसलेली, पाटी उलटी, हिरवीगार वांगी गटारापर्यंत घरंगळलेली. आणि आमचे चिरंजीव शेपूट हलवत तिचं तोंड चाटायला बघतायत.

चावला नाही हो. पण पायाच्या नखाचा ओरखडा तिच्या दंडावर उठला. रक्त नव्हतं, नुसती लाल रेघ. मावशी उठता उठता मलाच समजावत होती, "जाऊ द्या वं ताई, मुकं जनावर शे ते." मी तिला घरात आणलं. नळाखाली साबण लावून हात धुतला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. तिला ते जरा जास्तच वाटलं, पण रेबीजच्या बाबतीत पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपचार हाच. हळद, चुना, मिरची असलं काही लावायचं नाही. मग रिक्षाने सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्याला लस दिलीय का? म्हटलं, नुकतीच दिलीय. ते म्हणाले, पिल्लू लहान आहे, दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पण रक्त न येणाऱ्या ओरखड्यालाही लस घ्यावी लागते. आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

लस फुकट होती. पण मावशीच्या चार सकाळी फुकट नव्हत्या. सकाळी सात ते दहा हीच तिची कमाईची वेळ. दहानंतर भाजी कोण घेतं? वांग्यांचे आणि चार खाड्यांचे पैसे मी दिले, तिने नको नको म्हणत घेतले. संध्याकाळी कॉलनीतल्या बायका पुन्हा जमल्या, भटक्या कुत्र्यांवर पुन्हा चर्चा सुरू झाली, आणि त्या दिवशी मात्र माझी मान काही हलेना. कारण मावशीला ज्याने पाडलं, त्याला नाव होतं, पट्टा होता, लसीचं कार्ड होतं आणि त्याच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. निदान असायला हवं होतं.

२०२५ चा ऑगस्ट आठवा. ११ तारखेला न्यायालय म्हणालं, दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात टाका, परत सोडू नका. देशभर गदारोळ झाला. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच्याच भागात सोडा, रेबीज झालेलं किंवा अंगावर येणारं मात्र सोडू नका, आणि खायला घालायचं तर ठरलेल्या जागी घाला. मग नोव्हेंबरचा आदेश आला. या सगळ्या वादात आकडेही पुष्कळ फेकले गेले. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. २०२४ मध्ये कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. आकडे मोठे आहेत, खोटं कशाला बोला. मी ज्या वस्तीत बचत गटाचं काम करते तिथल्या बायका पहाटे डाळ मिलच्या आणि चटईच्या कारखान्याच्या पाळीला निघतात, हातात काठी घेऊनच. त्यांना 'प्राणिमात्रांवर दया करा' म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण या वादात आपण, म्हणजे फाटकाच्या आतले लोक, अगदी अलगद बाहेर राहिलो! जणू कुत्र्यांचा प्रश्न म्हणजे रस्त्याचा प्रश्न, महापालिकेचा प्रश्न. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम म्हणतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच नियमांत असंही आहे, की पाळीव प्राण्याची जंतनाशकं, लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. हे वाक्य किती जणींनी ऐकलंय? आणि मला सांगा, रस्त्यावरची सगळीच कुत्री रस्त्यावरच जन्मली का? गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्याकडे चौकाचौकांत केसाळ, लोंबत्या कानांची, कुठल्याशा परदेशी जातीची खूण सांगणारी मळकट कुत्री दिसायला लागलीत. ती कुठून आली? ती कुणाच्या तरी सोफ्यावरून आली.

कशी आली, ते मी माझ्या माहेरी पाहिलंय. माझं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांना विरंगुळा म्हणून भावाने लॅब्रॅडॉर आणला. तीन महिने नुसतं कौतुक. सहाव्या महिन्यात तो पंचवीस किलोचा झाला आणि पांझरेच्या काठच्या रस्त्यावर वहिनीला असं ओढून नेलं, की ती कोपरावर पडली. मनगटाला सहा आठवडे प्लॅस्टर! त्या दिवसापासून कुत्र्याचं बाहेर जाणं बंद. फाटकाशी साखळी आली. साखळीला बांधलेलं जवान कुत्रं दिवसभर काय करणार? भुंकणार. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. येणारा-जाणारा घाबरायला लागला, तसा तो आणखी चेकाळला. मग एक दिवस वडील म्हणाले, 'शेतावर नेऊन सोडा त्याला.' आपल्या खान्देशात हे वाक्य किती सहज बोललं जातं! शेतावर सोडलं म्हणजे जणू सासरी पाठवलं. दोन महिने सालदाराने भाकरी घातली, मग एका रात्री तो दिसेनासा झाला. बिबट्याने नेला, गाडीखाली आला की हायवेवरच्या ढाब्यांपाशी फिरतोय, कुणी शोधलंही नाही. वहिनी मात्र अजून मधूनच म्हणते, "वन्सं, त्याचं काही चुकलं नव्हतं हो."

चुकलं नव्हतंच. त्याला चालायला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मावशीचा प्रसंग घडल्यावर आमच्याही घरात रात्री जेवताना हेच वाक्य ताटात आलं. "शेतावर ठेवू या का?" आमच्या ह्यांनी सहज म्हटलं. धाकटीचा घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, दोन महिने द्या मला.

आमच्या गल्लीच्या टोकाला पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक काका राहतात. पोलिसांच्या श्वानांचं शिक्षण पुण्याला होतं आणि तिथे कुत्र्याबरोबर त्याला सांभाळणारा माणूसही शिकतो, असं ते सांगतात. कुत्र्यापेक्षा माणसाला शिकवायलाच जास्त वेळ लागतो म्हणे! दुसऱ्या दिवशी मी चिकूला घेऊन त्यांच्याकडे गेले, म्हणजे ओढली गेले. त्यांनी ओट्यावरूनच पाहिलं आणि म्हणाले, "ताई, छान ओढायला शिकवलंय तुम्ही त्याला."

मला राग आला. पण नंतर विचार केला तेव्हा पटलं. बी. ए. ला मानसशास्त्राचा एक पेपर होता आम्हाला. त्यात थॉर्नडाईकच्या मांजरी होत्या. पिंजऱ्यातली मांजर धडपडते, चुकून खटका दाबला जातो, दार उघडतं, समोर खाणं. पुढच्या वेळी ती लवकर खटका दाबते. ज्या कृतीचं फळ गोड, ती कृती पुन्हा होते. चिकूचं तेच होतं. तो ओढायचा आणि मी त्याच्यामागे जायचे. त्याच्या दृष्टीने गणित सरळ आहे. दोरी ताणली की जग पुढे सरकतं. शिवाय त्याची साधी चालही माझ्या चालीपेक्षा वेगवान. त्याला चार पाय आहेत, दर दोन हातांवर नवा वास आहे. मी त्याच्या पायात बेडीच की! आणि आपण उलट खेचलं की तो अजून पुढे रेटतो. गोऱ्ह्याचा कासरा नुसता मागे खेचून धरला तर तो काय करतो, ते शेतकऱ्याच्या लेकीला सांगायला नको.

काकांनी दिलेला पहिला धडा अगदी साधा होता. दोरी ताणली की थांबायचं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, एक पाऊल पुढे टाकायचं नाही. झाडासारखं उभं राहायचं. तो गोंधळून मागे वळून बघतो, दोरी सैल पडते, त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणायचं आणि चालायला लागायचं. म्हणजे आता गणित उलटं झालं. दोरी सैल, तर जग पुढे सरकतं. दुसरा धडा असा, की तो आपल्या पायाशी चालत असताना बक्षीस द्यायचं आणि ते तिथेच, पायाशी द्यायचं. पुढे हात करून दिलं तर तो पुढेच पळणार. बक्षीस म्हणून मी आपली रावेर-यावलची केळी वापरली, नखाएवढे तुकडे करून. हाताला चिकट होतं, पण चिकूला भारी आवडतं. (कांदा-लसूण घातलेलं काही, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला चुकूनही देऊ नका, विषारी असतं त्यांना.)

आणि हे सगळं आधी घरात, मग अंगणात, मग भर दुपारच्या सुन्या गल्लीत, आणि सगळ्यात शेवटी मेहरूणच्या तलावावर. आपण उलटं करतो. पहिल्याच दिवशी गर्दीत नेतो आणि म्हणतो, ऐकत नाही मेला! बालवाडीतल्या पोराला कुणी दहावीच्या परीक्षेला बसवतं का? वेळही थोडा, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी फाटकापासून तिसऱ्या घरापर्यंत जायला मला बावीस मिनिटं लागली. समोरच्या काकू गॅलरीतून विचारत होत्या, "काही हरवलंय का हो?"

खरी अडचण चिकूची नव्हतीच, घरच्यांची होती. मी ओढलं की थांबायचे. मुलगा मात्र कॉलेजच्या घाईत त्याच्यामागे पळायचा. हे तर जोरात हिसका द्यायचे, 'त्याला कळलं पाहिजे' म्हणून. तीन माणसांचे तीन कायदे. मग ते पिल्लू रोज नव्याने तपासून बघायचं, आज चालतंय का? कधीतरी चालायचंच. कधीतरी फळणारी सवय तर मुळीच सुटत नाही. रोज न लागणाऱ्या लॉटरीचं तिकीट लोक का घेत राहतात? मला राहून राहून आपले हेल्मेटचे नियम आठवत होते. आठ दिवस मोहीम, पावत्या, फोटो, नवव्या दिवशी सगळे मोकळे. कुत्र्यांबाबतच्या आदेशांचंही असंच होईल का, ही भीती मला वाटते. शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला. 'दोरी ताणली तर कुणीही पुढे जाणार नाही. हिसका देणाऱ्याने त्या दिवशीची भांडी घासावीत.' दोनदा भांडी घासली ह्यांनी, मग सुधारले.

बाजारात काय मिळतं तेही बघा. मी पट्टा घ्यायला गेले तर दुकानदाराने आधी दाखवली ती गळा आवळणारी साखळी, मग आतून काटे असलेला पट्टा. 'एकदा टोचलं की गप्प चालतो बघा भाभी.' चालत असेलही. पण समोर माणूस आला की मान टोचते, हे दहादा झालं, की कुत्रं ओढायचं थांबण्याऐवजी माणसावरच गुरगुरायला शिकू शकतं. म्हणजे आपण पैसे देऊन भांडण विकत घ्यायचं! मी छातीवर बसणारा, पुढे कडी असलेला पट्टा घेतला. त्यात ओढलं की कुत्रं आपसूक बाजूला वळतं आणि गळ्याला फास बसत नाही. दोरी साधी, सुती, चार-साडेचार हातांची. लांब सुटत जाणारी गुंडाळीची दोरी मी नाही घेतली. मावशीपर्यंत पोचायला त्याला तेवढीच हवी होती.

दुसरीकडे आपला कायदा बघा. जनावराला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणं ही १९६० च्या कायद्याप्रमाणे क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड? दहा ते पन्नास रुपये! तेवढ्यात भरताचं एक वांगं येतं. आपल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होईल अशी हयगय केली, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मावशीच्या दंडावरची लाल रेघ आणि बुडालेल्या चार सकाळी यांतल्या कुठल्याच कलमात बसत नाहीत. सरकारला सोपं वाटतं जातींवर बंदी घालणं. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. लॅब्रॅडॉर त्या यादीत नव्हताच. मावशीला पाडलं ते गरीब स्वभावाच्या म्हणून घेतलेल्या लॅब्रॅडॉरने! महापालिकेने पाळीव कुत्र्याच्या नोंदणीबरोबर लसीचं कार्ड मागावं, आणि घरातल्या कोणत्या व्यक्तीने त्याला फिरवायचं, तिला ते जमतं का, हेही विचारावं, असं मला आता वाटायला लागलंय. हसू नका, गाडीला लायसन्स लागतंच की.

कारण फिरवणारी व्यक्ती कोण असते, तेही ठरलेलंच आहे. कुत्रं आणतो मुलगा, नाव ठेवते मुलगी, फोटो काढतात हे, आणि पहाटे साडेपाचला दोरी हातात घेते ती आई. 'तू घरीच असतेस ना!' वहिनीचं मनगट मोडलं ते त्यामुळेच. पंचवीस किलोचं जनावर पेलायचं कुणी, हा विचार घेताना कुणी केलाच नव्हता. मीही सुरुवातीला कुरकुरत होते. पण एक खरं सांगते. लग्नाला बावीस वर्षं झाली, या बावीस वर्षांत पहाटे एकटीने तलावापर्यंत चालत जाणं मला कधी जमलं नव्हतं. 'कुठे निघालीस? इतक्या अंधारात? कुणाबरोबर?' चिकू आल्यापासून कुणी काही विचारत नाही. कुत्र्याला फिरवायचंय म्हटलं की सासूबाईसुद्धा दार उघडून देतात. माझ्या फिरण्याला जे कारण कधी मिळालं नाही, ते त्याच्या फिरण्याला मिळालं. याचा आनंद मानावा की संताप करावा, ते अजून ठरलेलं नाही.

आपल्याकडच्या उन्हाचं मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. कधीकधी ओढणारं पिल्लू खोडकर नसतं, पाय पोळत असल्याने सावलीकडे पळत असतं. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत आणि रात्री आठनंतर, एवढंच. आणि पिल्लाच्या लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, इतर कुत्र्यांच्या घाणीत बाहेर फिरवू नका, पार्व्होने पिल्लं पटापट दगावतात. मात्र तेवढ्या काळात घरातल्या घरात दोरीची सवय नक्की लावता येते. हे मला आधी कळलं असतं तर!

८ डिसेंबरला मावशीची शेवटची सुई झाली. त्या दिवशीही मी बरोबर गेले होते. परत येताना रिक्षात तिने विचारलं, "ताई, त्याला दिलं का सोडून?" म्हटलं, नाही, चालायला शिकवतेय. ती हसली. "आमना पोऱ्यास्ले बी शिकाडा मंग." (आमच्या पोरांनाही शिकवा मग.)

जानेवारीपर्यंत चिकू बऱ्यापैकी शिकला. मांजर दिसली की अजूनही सगळं विसरतो. मग मी उभी राहते, तो वळून बघतो, आम्ही पुन्हा निघतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मावशी समोरून आली. मी थांबले, चिकूला पायाशी बसवलं, केळ्याचा तुकडा दिला. दोरी सैल होती. मावशीने दुरूनच पाहिलं, पाटी एका हाताने घट्ट धरली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेली. जाता जाता मला हात केला. मी ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथेच उभी राहिले, चिकूला घेऊन.